हरल्याचे पेढे

आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे तालमीची इज्जत. आमच्या तालमीचा संघ हरला, की मी रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. नव्वदच्या दशकातल्या एका हंगामात मात्र आम्ही फायनल हरलो आणि मी गपचूप घरी येऊन जेवलो. तांबड्या रश्श्याला चव लागली नाही, हरल्याचं वाईट वाटलं नाही. कित्येक आठवडे असंच चाललं होतं. आई खूश! "पोरगं शहाणं झालं," असं ती गल्लीभर सांगत सुटली.

बायकोला ते पटेना. "हे शहाणपण न्हाय. ह्यांना कायच वाटंना झालंय," म्हणत तिनं मला डॉक्टरांकडे ओढतच नेलं. त्यांनी डिप्रेशनचं नाव काढलं. मी तर रडतसुद्धा नव्हतो, मग मला कसलं डिप्रेशन? डॉक्टर म्हणाले, "रडू येत नाही, हसू येत नाही, रागही येत नाही, हेसुद्धा त्याचंच लक्षण." औषधं सुरू झाली, त्यांच्याशी बोलणं सुरू झालं.

पुढच्या हंगामात आमच्या संघातल्या एका पोरानं शेवटची पेनल्टी गोलाच्या वरून मारली. मी असा ओरडलो, की घसाच बसला. घरी येऊन चप्पल भिरकावली, ताट सरकवलं. बायको तडक बाहेर गेली, पेढे घेऊन आली आणि गल्लीत वाटायला लागली.

"जिंकलासा व्हय?" शेजारणीनं विचारलं.

"न्हाय वो, हरलोय की! पण आमचं मालक लई चिडल्यात बघा!"