किर्तीताईची रांग

आमची किर्तीताई सी भाषेत प्रोग्राम लिहिते, पण मनाने ती अजून बाबांच्या गिरणीतच बसलेली असते. बाबा म्हणजे दौलतराव. त्यांची पिठाची गिरणी विठ्ठलवाडीला होती. ती बंद झाल्यापासून ते सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये पाकिटातलं पीठ खातात आणि रोज त्याला नावं ठेवतात. त्या गरम पिठाच्या वासाची आठवण मलाही येते, आणि आली की फार वाईट वाटतं.

यंदा ऑफिसात ताईला पहिल्यांदाच स्वतःचं असं काम मिळालं. डेटाबेसच्या सगळ्या टूल्सना चालेल अशी एकच प्रायॉरिटी क्यू करायची. म्हणजे अशी रांग, जिच्यातून सर्वांत निकडीचं काम आधी बाहेर येईल. बॅकअपच्या टूलला सर्वांत मोठं टेबल आधी हवं, नोंदी जुळवणाऱ्या टूलला सर्वांत जुनी नोंद आधी. ताईने दोन्ही नियम रांगेतच कोंबले. तिसरं टूल आलं आणि पुन्हा तोडफोड. तिची टीम लीड राजसी म्हणाली, "किर्ती मॅडम, शुक्रवारपर्यंत सगळ्यांना चालली नाही तर ज्याची त्याला लिहू दे." म्हणजे ताईचं काम कचऱ्यात. ताईचं जेवणावरचं लक्ष उडालं आणि सगळा राग फोनवर माझ्यावर निघू लागला.

रविवारी ताई आमच्याकडे आली होती. पिठाचं पाकीट फोडताना बाबांनी शेजारच्या शीलाकाकूंचा विषय काढला. ताई शाळेत असताना तिने एकदा गिरणीतले डबे आल्या क्रमाने मांडले होते. बाबा मर्जीने मागेपुढे करतात, हा अन्याय आहे असं ताईचं मत. झालं, काकूंचा उपासाचा राजगिरा बाजरीच्या मागून दळला गेला. एकादशीला काकू चहा-केळ्यांवर राहिल्या आणि पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. बाबा मात्र रागावले नव्हते.

"तुला तेव्हा काय बोललो होतो?" बाबांनी विचारलं. "डबे आपण सांभाळायचे. आत काय, कशासाठी, ते आपल्याला काय माहीत? ज्याचा डबा त्याला विचारायचं."

ताई हसता हसता उठली. तिने लॅपटॉप उघडला आणि रांगेतले सगळे नियम पुसून टाकले. आता रांग कुठल्याच वस्तूच्या आत डोकावत नाही. ज्या टूलला रांग हवी त्याने सोबत एक छोटं फंक्शन द्यायचं. रांग त्या फंक्शनला दोन वस्तू दाखवते आणि विचारते, यातली आधी कुठली? बाकी वस्तू ठेवणं आणि पहिली काढून देणं, एवढंच तिचं काम.

शुक्रवारी तिन्ही टूल्स त्या एकाच रांगेवर चालली. राजसी म्हणाली, "फाइलच्या वर तुमचं नाव टाका, इथली पद्धत आहे." लग्नापासून ताई सगळीकडे भावजींचं नाव लावते. इथे तिने लिहिलं, किर्ती दौलतराव भोईर.

संध्याकाळी सोनिवलीला येऊन तिने मोबाइलवर त्याचा फोटो बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"गिरणीच्या पाटीवर पण देवाचं नाव होतं गं," ते म्हणाले. "माझं कुठंच नव्हतं."

मोबाइल ते कितीतरी वेळ परत देईनात.