निळं पुस्तक, पान दोनशे चौदा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, तेव्हाही सांगायचे. बीएस्सी झाले आणि जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं एका नव्या इमारतीत कामाला लागले. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची हकिगत बोलून ठेवत, आणि सकाळी सहापासून आम्ही हेडफोन लावून ती टाइप करत बसायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गल्लीत सांगायचे, "आमची लेक अमेरिकेच्या डाक्टरांच्या चुका काढती." अण्णा गवंडी. शहर चहूकडून वाढत होतं, पण त्या वर्षीच्या दुष्काळात पाण्यावाचून कामं बंद पडली होती आणि अण्णांना बोलायला वेळच वेळ होता.

ऑफिसात एक शिरस्ता होता. शंका आली की मोठ्यानं विचारायची, आणि उत्तर देणाऱ्यानं नियमांच्या पुस्तकाचं पान सांगायचं. आमचं टाइप केलेलं तपासणाऱ्या सरांनीच तो पाडलेला. "मला वाटतं, हे चालायचं नाही," ते म्हणायचे, "पान सांगा." पुस्तक मात्र एकच, शिवण उसवलेलं, अर्धं या टेबलावर नि अर्धं त्या.

माझ्या शेजारी शहागंजच्या एका कापडवाल्याचा मुलगा बसायचा. इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याला नियम एकही यायचा नाही आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. मला त्याचाच लई राग.

एकदा आमचं जुंपलं. डॉक्टर म्हणाले होते, रोग्याला वीस मिलिग्रॅम औषध दिलं. आता वीस मिलिग्रॅमपुढं इंग्रजीत 'वॉज' लावायचं की 'वेअर'?

"बीस है ना? तो वेअर," तो म्हणाला.

"डोस एकच आहे. वॉज."

"ओ मास्तरनीबाई, पान बोलो."

पान कुठलं सांगू? माझ्या वहीत तेवढा नियम होता, तोही कुठून उतरवलेला ते आठवेना. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "निळं पुस्तक. पान दोनशे चौदा."

असं पुस्तक नव्हतंच. त्यानं मात्र 'वेअर' पुसून 'वॉज' टाइप केलं. मला ते फार आवडलं.

मग काय, आठवड्याला दोन-तीनदा निळं पुस्तक निघायला लागलं. कुणी विचारलं कुठंय, तर "घरी आहे, जड आहे." महिन्याभरात दुसरेही त्याचा हवाला द्यायला लागले. एकीनं तर शपथेवर सांगितलं की तिनं ते चाळलंय, छपाई बारीक आहे.

आणि एक दिवस शेजारचा माझ्या स्क्रीनवर वाकला. "मूळ औषधाचं नाव लहान अक्षरानं. मोठं अक्षर फक्त कंपनीनं ठेवलेल्या नावाला."

"कशावरून?"

"नीली किताब," तो डोळा बारीक करून म्हणाला. "पान तीनशे दोन. पढे नै क्या?"

मी मुकाट्यानं अक्षर लहान केलं. दुसरं काय करणार?

त्यात सरांना बढती मिळाली. त्यांची तपासनिसाची खुर्ची आमच्यापैकी एकाला मिळणार होती. शनिवारी निघताना ते मला म्हणाले, "तुझंच नाव डोक्यात आहे. सोमवारी ते निळं पुस्तक घेऊन ये. ऑफिसलाही एक प्रत मागवू."

शेजारचा हेडफोन काढून म्हणाला, "हां, हमकू भी दिखाव ना."

घरी येऊन सांगितलं, तर अण्णांनी काय ऐकलं कोण जाणे, गल्लीत सांगून मोकळे: पोरीला साहेबाची खुर्ची.

मी निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली. घरी येऊन लक्षात आलं, दोनशे पानी वहीत दोनशे चौदावं पान कुठून असणार? परत जाऊन दुसरी आणली आणि दोन्ही खळीनं चिकटवल्या. रविवारी आमच्या मुकुंदवाडीत पाण्याचा टँकर यायचा होता. रांगेत बसून मी लिहायला लागले. सोबत ऑफिसातल्या फाटक्या पुस्तकाच्या झेरॉक्स आणि सरांनी लाल शाईनं दुरुस्त केलेले माझे कागद.

"परीक्षा हाय का गं?" मागच्या मावशी म्हणाल्या.

"व्हय. उद्याच."

"मग लिही तू. तुझा हंडा मी सरकवते."

हंडा पुढं सरकत गेला आणि मला घाम फुटत गेला. मी दिलेले निकाल मूळ पानांशी लावून बघितले, तर तीन साफ चुकीचे. निदानाच्या रकान्यात संक्षेप चालतात, हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं. चालत नाहीत, तिथं पूर्ण नाव लिहायचं असतं. आणि त्या शेजारच्याचं तीनशे दोन? ते बरोबर निघालं. मेल्याचं.

सोमवारी सरांनी दोनशे चौदावं पान उघडलं. नियम होता, खाली मूळ पुस्तकातल्या खऱ्या पानाचा आकडाही होता. मग पहिलं पान उघडलं. तिथं मी लिहिलं होतं: या पुस्तकाच्या नावावर पुढील तीन गोष्टी चुकीच्या सांगितल्या गेल्या.

"लेखक कोण?"

"मीच, सर. परवापर्यंत हे पुस्तक नव्हतं."

"आणि तीनशे दोन?"

शेजारचा उभा राहिला. "वो मेरा है, सर. हवा में छोड़ा था."

सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ऐकू आलं नाही तर आपण टाइप करताना काय करतो?"

"जागा रिकामी सोडतो."

"मनानं काही घालत नाही ना? मग खुर्चीही राहू द्या रिकामी. पुढच्या महिन्यात बघू." आणि त्यांनी ते चिकटवलेलं पुस्तक खुर्चीवर ठेवून दिलं. शंका आली की उठून तिथं जाऊन बघायचं, असं ठरलं.

संध्याकाळी अण्णा दारातच बसले होते, शेजारचे दोघं-चौघं धरून.

"बसलीस का खुर्चीवर?"

खोटं बोलायची तेवढ्यापुरती तरी हौस फिटली होती. "नाय, अण्णा. तिच्यावर सध्या एक पुस्तक ठेवलंय."

"कुणाचं?"

"माझं. मी लिहिलेलं."

अण्णा शेजाऱ्यांकडं वळले. "ऐकलं का? हिनं पुस्तक लिहिलं. आन् अमेरिकेच्या हापिसात त्याला बसायला खुर्ची दिली."

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. मग बघितलं, तर एकही शब्द खोटा नव्हता.