नानांच्या औषधाची तपासणी

माझ्या सासऱ्यांच्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट बाळसं धरतात, हे मी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलेलं आहे.

सासरे, म्हणजे नाना, साक्रीकडचे. बैलाच्या खांद्याला जखम झाली की गाव त्यांच्याकडे येतं आणि ते डोंगरातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क लावतात. पण गावात गुरांचा नवा डॉक्टर आला आणि सालीत काही दम नाही म्हणाला. नाना बाटली घेऊन तडक जळगावला आमच्या घरी.

"जावईबापू, तुम्ही कॉलेजमा जंतूच शिकाडतस ना? तपासा. खोटं निंघनं तर बंद करी टाकसू."

मी बाटली आईकडे दिली आणि "नीट ठेव" म्हणालो. (आईला इतकं मोघम सांगणारा माणूस विज्ञान शिकवतो, हे कॉलेजला अजून माहीत नाही.)

दोन-तीन दिवसांनी बाटली कॉलेजात नेली. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मध्ये अर्कात भिजवलेली टिकलीएवढी कागदी चकती ठेवायची. औषधात दम असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं दिसतं. अर्क चांगला दाट होता. नानांनी मन लावून आटवलाय, असं मी कौतुकाने म्हणालोसुद्धा. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कडं सोडाच, चकतीभोवती जंतूंची जत्रा! पुन्हा केलं, पुन्हा जत्रा. मग टेबलावर मुंग्या आल्या. मुंग्यांवरही परिणाम नाही, असं मी सहकाऱ्यांना गंभीरपणे सांगितलं.

रविवारी नाना निकाल ऐकायला आले. कडक इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. मला फार वाईट वाटत होतं, पण विज्ञान म्हणजे विज्ञान. सगळं सांगितलं.

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग इतला बैल कसा बरा व्हयनात?"

"आपोआप झाले असतील," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

"बरं. बंद करसू," नाना म्हणाले.

तेवढ्यात आई ताटं घेऊन आली. "नाना, आज दही नई शे. मडकामा दही लागतच नई. दूध बदलं, विरजण बदलं. तुमनं औषध ठेवं व्हतं त्यामा, तवयपाईन असंच चालू शे."

"औषध मडक्यात?" मी म्हणालो. "मग बाटलीत काय होतं?"

"काकवी."

"काकवी कशाला?"

"व्याहीसनी बाटली रिकामी परत धाडतस का? औषध आते बरणीमा शे. तूच बोलना, नीट ठेव. प्लास्टिकमा औषध ठेवतस का कोनी?"

म्हणजे आठवडाभर मी जंतूंना उसाची काकवी चारत होतो, आणि इकडे मडक्यात मुरलेलं खरं औषध दह्याचे जंतू मारत होतं.

"बोटं चिकट होत नव्हती?" बायकोने विचारलं. (ती नानांचीच मुलगी, त्यामुळे आवाज शांत होता आणि मला भीती जास्त.) "एकदा चाटून तरी बघायचं."

"प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं," मी क्षीणपणे म्हणालो.

नानांनी टोपी घातली, मी परत आणलेल्या बाटलीतली उरलेली काकवी बोटाने चाखली आणि म्हणाले, "झकास शे. जंतूसनी काही चूक नई."

जाताना डॉक्टरला दाखवायला त्यांनी दह्याचं मडकं काखेत मारलं.

"मी येऊ का बरोबर? डॉक्टरला समजावून सांगतो," मी म्हणालो.

"नको, जावईबापू," नाना मायेने म्हणाले. "तुम्ही संगे येशात तर डॉक्टर जिंकी जाई."