ब्राझीलची बातमी आणि मोताळ्याची शिट्टी

ओल्या चामड्याला चोळलेल्या खोबरेल तेलाचा वास आला, की मला मोताळ्याच्या शाळेमागचं, कपाशीच्या शेताला लागून असलेलं फुटबॉलचं मैदान आठवतं. ब्राझीलचा एक गडी आधी खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकला आणि आता प्रशिक्षक होऊनही जिंकला, ही बातमी हेडसरांनी पेपरात वाचली आणि आपल्या पोरांना शिकवायलाही असाच खेळलेला माणूस हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं. खेळात मी सरस होतो, पण शाळा सहावीतच सुटलेली. म्हणून शिट्टी मिळाली ती माझ्याबरोबर खेळणाऱ्या, मॅट्रिक झालेल्या मित्राला. पोरं त्याला ‘सर’ म्हणायची तेव्हा माझा जीव नुसता जळायचा. तालुक्याच्या सामन्याला मी गेलो तो त्याची पोरं हरलेली पाहायलाच. शेवटी शेवटी तो ओरडला, “अबे, डावा पाय मांगं ठेव, मंग मार!” ती युक्ती तर माझी होती! गोल झाला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मी निघालो, तर वरूनच हाक आली, “काऊन बे, कुठी चालला? पोरहो, हे मले यानंच शिकवलं. उचला यालेबी!” पोरांनी मलाही उचललं, पडतो की काय या भीतीनं मी त्याचाच हात घट्ट धरला. त्याचे ते उपकार आज परमुलखात, गिरणीच्या खोलीवरही मी विसरलेलो नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तो गप्प राहायला हवा होता. इतकं चांगलं वागून त्यानं मला धड त्याचा रागही करू दिला नाही.