जिन्याजवळचं बाक

एकाच इमारतीत चार संस्था. तळाला सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणारी, पहिल्या मजल्यावर निवृत्तांना नोकरी शोधून देणारी, दुसऱ्यावर घरांची सोय बघणारी आणि तिसऱ्यावर मनाची दुखणी ऐकून घेणाऱ्या डॉक्टर बाई. आमचा समन्वय उत्तम आहे, असं बैठकीत सगळेच म्हणत. बशीतली बिस्किटं संपेपर्यंत तो उत्तमच असायचा.

तळमजल्याच्या टेबलाशी ताई बसे. सैनिकाची विधवा, तोंडाची फटकळ. माघारी तिला सगळे ‘पोचवताई’ म्हणत, कारण ती कुणाला नुसतं वर पाठवायची नाही, स्वतः न्यायची. गुडघे कुरकुरायचे, तरी धापा टाकत जिना चढायची. आणि वरचा माणूस मोठ्याने ‘हा आता माझा’ म्हणेपर्यंत तिथून हलायची नाही. पहाऱ्यावर बदली आलेला जवान ‘पहारा घेतला’ म्हणेपर्यंत आधीचा जागा सोडत नाही, हे नवरा तिला सांगायचा.

“ताई, लेक सासरी सोडायला आल्यासारख्या उभ्या राहता,” डॉक्टर बाई म्हणायच्या.

“मग नीट नांदवा तिला.”

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी फौजेतून निवृत्त झालेला एक वायरलेसवाला आला होता. झोप उडालेली, नजर कुठेतरी लांब. “तिसऱ्या मजल्यावर जा भाऊ, मी फोन करते,” ताईने सांगितलं, आणि फोन केलाही. तो दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या बाकावर बसला, बोलावतील म्हणून. डॉक्टर बाईंना वाटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या घरांच्या सोयीवाल्यांनी थांबवून घेतला असेल. सोयीवाल्यांना वाटलं, हा डॉक्टरांचा. नोकरीवाल्यांनी येता-जाता त्याला नमस्कार केला. ताईला वाटलं, पोचला. संध्याकाळी तो मुकाट्याने घरी गेला आणि त्याच रात्री त्याने जीव दिला.

पुढच्या बैठकीत जो तो म्हणाला, आमच्याकडून काहीच राहिलं नाही. ते खरंही होतं, आणि तेच ताईला खात राहिलं. त्यानंतर त्या बाकावरून जाताना तिला दरवेळी वाटायचं, कुणीतरी अर्धवट उठलंय, आपलंच नाव पुकारलं की काय म्हणून. ती मान वळवायची नाही.

आणि एका सकाळी त्या वायरलेसवाल्याची बायको टेबलापुढे उभी राहिली. मागे तरणाताठा मुलगा, तोही फौजेतला, सुट्टीवर आलेला.

“जेवत नाही, झोपत नाही. यांच्यासारखंच बघायला लागलाय,” ती म्हणाली. “त्यांनाही इथूनच वर पाठवलं होतं.”

ताई खुर्चीतून उठली. “मीच पाठवलं होतं, वहिनी.”

“माहितीय. घरी येऊन म्हणाले, खालच्या ताईंनी फोन केलाय, बोलावतील.” तिने मागे मुलाकडे पाहिलं. “यालाही पाठवणार?”

“नाही. नेणार.”

दुसऱ्या मजल्यावर ताईचे गुडघे अडले. ती कठडा धरून उभी राहिली. मुलगा बाकावर टेकला, पण अगदी कडेला, पडेल असा.

“अरे, आत सरक की,” आई म्हणाली.

“कसा सरकू? बसलंय ना कुणीतरी,” तो सहज म्हणाला.

बाप कुठे बसला होता, हे त्या दोघांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर बाई स्वतः जिना उतरून आल्या. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाल्या, “हा आता माझा.” तिघं वर गेली. दार लागल्याचा आवाज आला.

आता ताईने खाली जायला हवं होतं. पण तिचा पाय निघेना. त्या दिवशी मुलाच्या बापासाठी हे शब्द कुणीच उच्चारले नव्हते. म्हणजे तो माणूस अजून तिच्याच पहाऱ्यात होता, आणि दोन वर्षं ती त्याच्यापुढून मान न वळवता जात होती.

ती बाकावर बसली, मुलाने सोडलेल्या कडेलाच. मग मान वळवून रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“हा माझा,” ती मोठ्याने म्हणाली.