असिदा आणि माझी बिननावाची लेक

काल रातभर मला झोप न्हाय. पोरगी रडली म्हणून न्हवं, ती गप झोपली म्हणून. सारखी तिच्या नाकाखाली हात धरून बसले. पयल्या लेकाचं बारसं झालं आन् महिन्याच्या आत त्यो गेला, तवापासनं हे भ्या लागलंय. म्हणून हिला तीन महिनं झालं तरी नाव न्हाय. सासूबाई म्हणत्यात, 'दगडी' ठेव, नजर लागत न्हाय. माझं तेवढंबी धाडस हुईना. नुसतं 'ए पोरी' म्हणते.

पर आज मन खुशीत हाय. साक्षरता वर्गाच्या बाई म्हणल्या, कोल्हापूरला जाऊन आलीस ते लिही, चावडीच्या भिंतीवर लावू, बायकांच्या कामाला यील.

माझा दादा कोल्हापुरात गुळाच्या पेढीवर हाय. त्याच्या शेजारी सलमाखाला, म्हंजी सलमामावशी, ऱ्हाते. तिचा आजेसासरा अरबस्तानातनं संस्थानच्या घोड्यांसंगं आला आन् हितलाच झाला. खालाला नातू झाला, सातव्या दिवशी नाव ठेवणार, तुझ्या बहिणीला आण म्हणून तिनं दादाला बजावलंतं. आमचं मालकबी म्हणलं, जाऊन ये, माणसात जीव रमंल.

मुरगूडवरनं सकाळची एस.टी. धरा. लेकरू असंल तर पुढं बसा, मागं धुरळा आन् आदळआपट लई. कागलला गाडी थांबती, भजी दोन आण्याला, गरम मिळत्यात. कंडाक्टरनं पोरीचं नाव इचारलं. मी खिडकीभाईर बघितलं.

खालाच्या अंगणात मोठं पातेलं चढलंतं. उकळत्या पाण्यात गव्हाचं पीठ सोडून ती जाड दांड्यानं घोटत हुती. त्याला असिदा म्हणत्यात. बाळ जन्मू दे, लगीन ठरू दे, असिदा झाल्याबिगर त्यांचा आनंद पुरा हुत न्हाय. आपल्या उकडीगत घट्ट झाला की परातीत डोंगर करायचा, मधी आळं पाडून तूप वतायचं. अरबस्तानात वर मध न्हायतर खजुराचा रस घालत्यात. खाला म्हणली, "आमी कोल्हापूरचं. आमची काकवीच."

नातवाचं नाव यूसुफ ठिवलं. मग बायका एकेक करून त्याला नावानं हाका मारायला लागल्या. मी पोरीला पदराखाली घेतलं. एवढ्या मोठ्यानं कशाला, कुणीतरी ऐकंल की.

मग परातीभवती बसलो. सगळ्यांची एकच परात. कडंचा घास तोडायचा, तुपात बुडवायचा, तोंडात घालायचा. मऊ, गरम, काकवीचा खमंग वास. मला काय ठाव? आपण भाताचं आळं आमटीसाठी फोडतो, तसं मी बोटानं फोडलं. सगळं तूप, सगळी काकवी माझ्याकडं धावली. बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

खाला म्हणली, "फोडलंस न्हवं? आमच्यात ज्याच्याकडं तूप वाहिलं, पुढची परात त्याच्या घरी."

म्या म्हणलं, "माझ्याकडं कसला आनंद?"

तिनं माझ्या मांडीकडं बोट केलं. "ही कोण मग?"

मला रडू फुटलं. पयल्या लेकाचं सांगितलं, नावाचं भ्या सांगितलं. खालानं काकवीचा हात तसाच माझ्या पाठीवर ठिवला. लुगड्याचा डाग अजून गेला न्हाय. म्हणली, "माझंबी दोन गेलं. त्यांची नावं हायत म्हणून तर आठवाय येत्यात. आन् ही हाय की हितं. हिला हाक मार."

येताना गाडीत पोरगी टकामका बघत हुती. मी मनातल्या मनात नावं लावून बघितली. एका नावाला ती हसली.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. आदी कपाळाला आठ्या. मग तुपाचा डबा उघडून बघत म्हणल्या, "तूप किती लागंल?"

मी अजून नाकाखाली हात धरते, ते काय जायाचं न्हाय लगेच. पर परात ठरली. पोस्टातला फोन हातात घ्यायचं मला भ्या वाटतं. म्हणून हे वाचणारं कुणी पोस्टात निघालं असंल, त्यानं माझ्या दादाला गुळाच्या पेढीवर फोन करावा, नंबर पोस्टमास्तरांकडं लिवून ठिवलाय. म्हणावं, येत्या सोमवारी ये, खालाला तिच्या दांड्यासकट घिऊन ये. भाचीचं नाव काय म्हणाला तर सांगा, दगडी न्हाय. गल्लीच्या टोकापातूर हाक जाईल असलं हाय.