बिनमालकाचे अकरा दिवे

नोकरीत मोठे गुन्हेही उघडकीस आणले, पण अकरा दिव्यांच्या चोरीची ती घटना अजून मनातून जात नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लोह्याहून बदली होऊन मी नव्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार म्हणून हजर झालो.

दुष्काळ होता. बौद्ध वस्तीत पाण्याचा टँकर दिवेलागणीला यायचा, आणि नेमके तिथलेच रस्त्यावरचे दिवे गायब झाले. अंधारातल्या रेटारेटीत एक गरोदर बाई घागरीसकट पडली, थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एक मावशी दिवे चोरीला गेल्याची तक्रार घेऊन ठाण्यात आल्या.

मी चौकशी केली. नगरपालिका म्हणे, खांब वीजवाल्यांचे. वीजवाले म्हणत, दिवे पालिकेचे. फिर्याद द्यायला कोणीच तयार होईना.

आठवड्याने मावशीच पुन्हा आल्या. नव्या कचेऱ्यांच्या रस्त्यावर त्या झाडायला जात.

"साहेब, आमचे दिवे तिकडं लावले हायत."

"कशावरून, मावशी?"

"माझ्या दारापुढच्या दिव्यावरच्या पत्र्याच्या छत्रीला टँकर घासला व्हता. त्यो पोचा तसाच हाय. रंग तेवढा नवा."

त्या रस्त्याच्या ठेकेदाराला बोलावले. तो पायावर पाय टाकून बसला. "मालक दाखवा साहेब. मालकच न्हाई, तर चोरी कशाची?"

त्या दिवशी त्याला सोडावे लागले. मग कायद्याचे पुस्तक काढून बसलो. चोरी ताब्यातून होते. मालकीचा कागद लागतोच असे नाही. मग ताबा कोणाचा? रोज बटण दाबणाऱ्या पालिकेच्या वायरमनला बोलावले. वयस्कर माणूस, घाबरलेला.

"फिर्याद दिली तर नोकरी जाईल, साहेब."

"चाचा, दिवा बिघडला तर खांबावर कोण चढतं?"

"मीच."

"मग दिवे गेले, ते कोणाच्या हातातून गेले?"

चाचा अजून उभेच होते; मी खुर्ची पुढे केली तसे ते बसले. मग म्हणाले, "हर छत्रीच्या आत मी खिळ्यानं खांबाचा नंबर कोरला हाय. दुरुस्तीत अदलाबदल नको म्हणून. लिहा माझी फिर्याद."

पंचांसमक्ष शिडी लावली. पहिली छत्री उतरवली, आत नंबर. अकराच्या अकरा निघाल्या. ठेकेदारापुढे त्या ओळीने मांडल्यावर त्याचा पाय खाली आला. त्या रस्त्यासाठी आलेले नवे दिवे बाहेर विकून वस्तीतले जुने रंगवून लावल्याचे त्याने कबूल केले.

खरी गंमत पुढे झाली. जप्त मुद्देमाल परत हवा तर कोर्टात अर्ज लागतो आणि अर्जात वस्तू आपली आहे असे लिहावे लागते. पालिकेने सही-शिक्क्यानिशी लिहून दिले: दिवे आमचे, देखभाल आमची. वस्तीत दिवे पुन्हा लागले, तेव्हा बायांनी घागरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बटण चाचांनीच दाबले.

मावशी मला म्हणाल्या, "आता दिवा गेला तर कोणाला धरायचं ते कळलं बघा."

त्यानंतर कुठल्याही ठाण्यात, वस्तू कोणाची यावर अडलो की मी एकच विचारत असे: हिच्यावर रोज हात कोणाचा फिरतो? त्या माणसाला खुर्ची दिली की तो बोलतो. आमच्या ठाण्यात चाचांना आधी कोणी खुर्ची दिली नव्हती, मीसुद्धा.